तारांमागची घरघर

थंडी पडली की बनशंकरीच्या बाजाराबाहेर पावट्याच्या शेंगांचे ढीग लागायला सुरुवात होते. इथे त्याला अवरेकाई म्हणतात. आम्ही निपाणीकडचे, आमच्या घरात तो पावटाच. पण इतकी वर्षं इथे काढल्यावर भाजीवालीला मीही ‘अवरेकाई हेंगे?’ असाच भाव विचारते. शेंगांना एक तेलकट, उग्र वास असतो. बायका शेंग उचलून आधी नाकाशी नेतात आणि वास नसला तर ती परत ढिगात टाकतात. बसमध्ये, जिन्यात, शेजाऱ्यांच्या उघड्या दारात, सगळीकडे तोच वास. संक्रांत उलटून जाईपर्यंत हे शहर त्या वासात राहतं.

यंदाही ढीग लागलेत. काल मी तिथे थांबले, एक शेंग नाकाशी नेली, आणि काहीच न घेता घरी आले.

विनायकचा आजार आमच्या लक्षात पहिल्यांदा आला तो हे दाणे सोलताना. विनायक माझा धाकटा भाऊ. त्याची बायको रूपा चामराजपेटेतल्या कन्नड घरात वाढलेली. तिच्या माहेरी या दिवसांत भिजवलेल्या दाण्यांची साल काढून आमटी करतात. दाणा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचा, किंचित दाबायचा. साल हातात राहते आणि आतली डाळ सटकन बाहेर पडते. लहान पोरांनाही जमणारं काम. त्या रविवारी आम्ही तिघं खाली बसून गप्पा मारत सोलत होतो. विनायकच्या चिमटीतून दाणा नुसताच घसरत होता. साल सुटत नव्हती.

“अक्का, माझ्याच वाटणीला हे चिवट दाणे कसे आले?” तो हसत म्हणाला.

“निधान,” रूपा म्हणाली. ती मराठी चांगलं बोलते, पण धीर द्यायची वेळ आली की तिच्या तोंडून कन्नडच येतं. “हळू दाबा.”

त्याने हळू दाबून पाहिलं, जोर लावून पाहिलं. मग दाणे वाटीत ठेवले आणि उजव्या हाताचा अंगठा चोळत बसला. दिवसभर कीबोर्ड बडवतोस, थंडीने आखडला असेल, मी म्हटलं. त्या हातावर, अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात, कातडीखाली काहीतरी बारीक लवत होतं. डोळा लवतो तसं. ते मी पाहिलं, आणि पुढचा दाणा उचलला.

उन्हाळ्यापर्यंत त्या लवण्याला नाव मिळालं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात. डॉक्टर बाईंनी सगळं शांतपणे समजावलं. आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. क्रम मागेपुढे होऊ शकतो. औषधाने थोडा वेळ मिळतो, आजार थांबत नाही. “बुद्धी शाबूत राहते,” त्या म्हणाल्या. “डोळे, कान, स्पर्श, सगळं शेवटपर्यंत चांगलं राहतं.” त्यांना धीर द्यायचा होता. बाहेर आल्यावर विनायक बाकावर बसला आणि म्हणाला, “कान चांगले राहणार म्हणे.” रूपाने त्याची फाइल पिशवीत घातली. ती घालताना पिशवीचं तोंड तिला सापडत नव्हतं.

*

त्याचे कान फार तिखट होते. हेब्बाळच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा, आणि उरलेला वेळ इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. कॉलेजातल्या मित्रांचा एक बँड होता. त्यातला जोसेफ हा त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. हॉलमध्ये, लग्नाच्या रिसेप्शनमध्ये, कुणाच्या तरी गच्चीवर ते वाजवायचे. विनायकने स्वतः रचलेल्या काही चाली होत्या. मला संगीतातलं कळत नाही, मी शाळेत हिंदी शिकवते. पण त्यातली एक मला पाठ होती. तिला शब्द नव्हते, नावही नव्हतं. संथ सुरू व्हायची, वर चढायची, आणि शेवटी उतरत उतरत सगळ्यात जाड तारेच्या एका सुरावर येऊन थांबायची. तो सूर लागला की घरी आल्यासारखं वाटायचं.

“रेकॉर्ड का करत नाहीस?” मी कितीदा तरी विचारलं असेल.

“करायचीय. आवाज स्वच्छ येत नाही,” तो म्हणायचा.

केबलमध्ये खरखर आहे. खोलीत घुमतंय. चांगला स्टुडिओ मिळू दे. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आवाज खरंच स्वच्छ येत नसेल. पण वर्षं अशी निघून गेली, आणि चाली त्याच्या बोटांतच राहिल्या. आता बोटंच निघाली होती.

मी आज ज्या ऋतूबद्दल लिहिते आहे तो त्या रविवारनंतरचा पुढचा हिवाळा. विनायकने नोकरी सोडली होती. रूपाची नोकरी मात्र चालू ठेवणं भाग होतं. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर, बनशंकरीतच, त्यांनी तळमजल्यावरचं घर भाड्याने घेतलं. माझी शाळा सकाळची. ती सुटली की मी थेट त्याच्याकडे जायची, रूपा येईपर्यंत थांबायची. त्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. खिडकीतून येणारं फिकट ऊन, त्याच्या मांडीवरची शाल, आणि समोरच्या आवारात मालकीणबाई शेंगा निवडत बसलेल्या. वर मालकांचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून मोठा आवाज करायचा नाही. पण गिटारचं मोठं खोकं, तो अॅम्प्लिफायर, जोसेफकडे पाठवून दिला तो त्यांच्यासाठी नव्हे. बोट घसरलेलं कुणाला ऐकू जाऊ नये, हे त्याचं कारण होतं. त्याने ते मला सांगितलं नाही, पण रूपाला सांगितलं होतं.

म्हणून फोन. गिटारची वायर एका छोट्या जोडणीतून मोबाइलला लावायची, मोबाइलमधल्या अॅपने आवाजाला हवा तसा रंग द्यायचा आणि हेडफोनने ऐकायचं. बाहेर ऐकू येते ती फक्त तारांची किरकोळ टणटण.

पहिल्या दिवशी सगळं जोडून झाल्यावर त्याने हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावायला सांगितली.

“ऐकू यायलंय काय?”

त्याने काहीच वाजवलं नव्हतं. तरी कानात आवाज होता. लांबवर पिठाची गिरणी चालू असावी तशी एकसुरी घरघर, आणि तिच्यावर बारीक चरचर, तेलात मोहरी टाकल्यासारखी.

“हे काय आहे?”

“हेच. हेच घालवायचं,” तो म्हणाला. त्या वर्षात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मला कामावर निघालेल्या माणसाची घाई ऐकू आली.

*

आणि खरोखरच ते त्याचं काम झालं. त्याचे हात जात होते, पण चूक कुठे आहे हे शोधणारं डोकं तसंच होतं. तो सांगायचा, मी करायची. फोनचा चार्जर काढ. काढला, आणि अर्धी घरघर एकदम बंद! आम्ही दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, की जणू डॉक्टर बाईंचं निदानच चुकीचं निघालंय. मग टर्र, टर्र, टर्र असा एक आवाज मध्येच यायचा. तो मेसेज येण्याआधी येतो हे त्याने ओळखलं. फोन विमानातल्यासारखा बंद ठेवायचा, म्हणजे नेटवर्क तुटतं आणि टर्र जाते. माझाही फोन जवळ नको. पंख्याचा रेग्युलेटर, ट्यूबलाइट, फ्रिज. एकेक बटण बंद करून मी त्याच्या तोंडाकडे बघायची, आणि तो डोळे मिटून मान हलवायचा. हो. नाही. थोडं.

खुर्चीचीही गंमत होती. गिटार स्वयंपाकघराच्या भिंतीकडे असली की घरघर वाढायची, खिडकीकडे वळवली की कमी व्हायची. तारांखाली जे चुंबक असतात ते विजेच्या वायरींचं सगळं ओढून घेतात, दिशेने फरक पडतो, असं तो म्हणाला. मी खुर्ची अंगठ्याएवढी सरकवायची. अजून. अजून स्वल्प. बस्स. तिथे मी फरशीवर खडूने खूण केली.

जोसेफ एका दुपारी आला. सोबत हातात मावेल एवढी चपटी डबी आणि एक आखूड, जाड वायर. “वो जुगाड फेंक दे, विनायक. ये लगा,” तो म्हणाला. लांब वायर जास्त आवाज ओढते, आखूड कमी. आणि ही डबी गिटारचा आवाज फोनला नीट समजेल असा करून देते. त्याने लावून दिलं, हेडफोन कानाला लावले, आणि विनायकला वाजवायला सांगितलं. विनायकने तार छेडायची प्लास्टिकची नखी चिमटीत धरायचा प्रयत्न केला. ती पडली. जोसेफने उचलून दिली. पुन्हा पडली.  वायर गुंडाळून ठेवायची असल्यासारखा जोसेफ खाली वाकून राहिला, बराच वेळ. गुंडाळायला काही नव्हतं. वायर तर लावलेली होती.

तो गेल्यावर मी नखी विनायकच्या अंगठ्याला चिकटपट्टीने बांधली.

त्या दिवसांतली एक दुपार अशी. फोन दोन्ही बंद, पंखा बंद, फ्रिज बंद, आम्ही दोघं आतल्या खोलीत, दार लोटलेलं. त्याच्या कानात हेडफोन होते आणि मी त्याचा डावा हात मनगटाखाली उशी देऊन धरला होता. अचानक बाहेरचं दार दणादण वाजायला लागलं. मी जाऊन उघडलं तर रूपा. केस विस्कटलेले, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, मागे रिक्षा अजून उभी. ती मला ढकलून आत गेली. विनायकला खुर्चीत बसलेला पाहून दारातच थांबली आणि चौकटीला धरून खाली बसली.

“फोन का बंद होता?”

“आवाज येत होता म्हणून...” मी म्हटलं.

“दोघांचे? दोघांचे फोन? मी केव्हापासून लावतेय. मला वाटलं...”  मग ती कन्नडमध्ये काहीतरी भराभर म्हणाली, ते मला कळलं नाही. विनायकला कळलं. त्याने हेडफोन काढायला हात उचलला, पण हात कानापर्यंत पोहोचेना. मी काढले.

“रूपा, बघ,” तो म्हणाला. बोलणं तेव्हा नुकतंच जड व्हायला लागलं होतं. “एकदम शांत झालंय. ये. ऐक.”

मला वाटलं, ती आता ओरडेल. ती उठली, त्याच्याजवळ गेली आणि हेडफोन लावून त्या शांततेत उभी राहिली. तिचे डोळे भरून वाहत होते आणि तोंडाने ती म्हणत होती, “हो. चांगलं आहे. हो.” मी बाहेर जाऊन रिक्षावाल्याला परत पाठवलं.

त्यानंतर रूपाने मालकीणबाईंचा नंबर घेतला आणि दुपारी ती त्यांनाच फोन करायची. त्या शेंगा निवडता निवडता खिडकीत डोकावून सांगायच्या, “इदारे, इदारे. आहेत, आहेत.”

*

घरघर कमी झाली तरी पूर्ण जात नाही. उरलेल्यासाठी अॅपमध्ये एक सोय असते. तिला गेट म्हणतात, म्हणजे फाटक. एका पातळीपेक्षा लहान आवाज आला की फाटक बंद, मोठा आला की उघड. घरघर लहान, तारेचा आवाज मोठा. म्हणून वाजवत नसताना सगळं निःशब्द आणि वाजवलं की फक्त सूर. विनायकने ते सुरू केलं तो दिवस आनंदाचा होता. त्याने चालीचा पहिला भाग वाजवला, चुकत चुकत, आणि मला ऐकवला. पाठीमागे काही म्हणजे काही नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास तो म्हणाला, “अक्का, वायर सैल झालीय बघ. सूर तुटायलेत.”

मी वायर दाबली, डबी काढून परत लावली. दुसरी वायर लावून पाहिली. सूर तुटतच होते. एक यायचा, पुढचा गायब, मग अर्धा. विनायक दोन दुपारी तेच शोधत होता. वायर, डबी, अॅप, सगळं. तिसऱ्या दुपारी त्याने शोधणं थांबवलं आणि नुसता बसून राहिला.

“सापडलं?” मी विचारलं.

“वायर बरी हाय,” तो म्हणाला. “मीच हळू वाजवायलोय. फाटकाला वाटायलंय, ही घरघरच हाय.”

 मी म्हटलं, मग ते फाटक अजून खाली कर की, जरा लहान आवाजालाही उघडेल असं. त्याने मला करायला लावलं. थोडे दिवस चाललं. मग पुन्हा सूर तुटायला लागले, पुन्हा खाली. फाटक किती खाली आणलं, यावरून त्याचा हात कुठवर आलाय हे आम्हाला आपोआप कळायला लागलं. दवाखान्यात जाऊन पकडीचा जोर मोजायची गरज उरली नाही. एका दुपारी मी ते पुन्हा सरकवायला बोट पुढे केलं, तेव्हा तो म्हणाला, “काढूनच टाक.”

“घरघर येईल सगळी.”

“येऊ दे.”

मी ते बंद केलं आणि घरघर परत आली. आयुष्यभर जिच्यापायी त्याने एकही चाल रेकॉर्ड केली नाही, तिला त्याने स्वतःहून आत घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काही मोठं दिसलं असं मला म्हणता येणार नाही. तो दमलेला होता. त्याने पाणी मागितलं. मी चमच्याने दिलं.

*

शेवटी त्याला डाव्या हाताने तारा दाबताही येईनात. मग जोसेफच्या सल्ल्याने आम्ही गिटार त्याच्या मांडीवर आडवी ठेवली, तारा वेगळ्या सुरांत लावल्या, आणि डाव्या हाताच्या बोटात काचेची नळी अडकवली. नळी तारेवर नुसती टेकवून सरकवायची, दाबायचं नाही. मी कोपराखाली उशी द्यायची. उजव्या अंगठ्याला नखी बांधलेली होती, तेवढा अंगठा अजून हलत होता.

पण यात एक नवीच अडचण आली. बोटं उघडी तारांना लागलेली असली की चरचर आपोआप कमी होते, हे आम्हाला एव्हाना ठाऊक होतं. त्याच्या अंगातूनच ती तारांत उतरते आणि तारांना हात लागला की शांत होते. आता एका हातात काच, दुसऱ्यावर प्लास्टिक. त्याची कातडी तारेला कुठेच लागत नव्हती. चरचर भरमसाट वाढली.

मी सहज, गिटार घसरू नये म्हणून, एक हात तारा जिथे बांधलेल्या असतात त्या लोखंडी पट्टीवर ठेवला. दुसरा हात त्याच्या खांद्यावर होताच. तो एकदम म्हणाला, “काय केलंस?”

“काही नाही.”

“हात काढ.” मी काढला. “ठेव.” ठेवला. “अक्का, तू धरलंस की चरचर जायली.”

माझ्यातून जात होतं ते. त्याच्यातलं माझ्या हातातून, माझ्या अंगातून, तारांत. घरघर मागे होतीच, पण ती टोचणारी चरचर गेली. मग मी रोज तशीच बसायला लागले. फरशीवर गुडघे मोडून, एक हात गिटारवर, एक त्याच्या खांद्यावर. खांदा म्हणजे कातड्यात गुंडाळलेली खुंटी उरली होती, आणि तिच्याखाली ते लवणं चालू असायचं, थांबायचंच नाही.

माघात त्याला दिवसासुद्धा श्वासाचं यंत्र लागू लागलं. नाकावर मुखवटा, त्याला नळी, नळीच्या टोकाला सुस्कारे टाकणारं खोकं. ते खोकं विजेवर चालायचं. घरातलं सगळं बंद करता येत होतं, ते नव्हतं. आणि नेमकी त्याचीच घरघर गिटारमध्ये उतरायची. खुर्ची वळवून फायदा नाही, नळी जेमतेम तेवढी लांब.

“ते पाच मिनिटं बंद ठेवलं तर?” त्याने रूपाला विचारलं.

रूपाने नकारार्थी मान हलवली. त्याने पुन्हा विचारलं नाही.

मग एका रविवारी त्याने ती नाव नसलेली चाल वाजवली. बाजारातल्या शेंगा तोवर संपत आल्या होत्या, ढिगांत वाळलेल्या पिवळ्याच जास्त. मी माझ्या जागी, दोन्ही हात गुंतलेले, मान वाकडी करून समोर ठेवलेल्या फोनकडे बघत. रेकॉर्डिंग चालू आहे ना, एवढंच मला बघायचं होतं. एका कानात हेडफोन. रूपा त्याच्या समोर उभी. त्याने सुरुवात केली. मूळ चालीपेक्षा कितीतरी सावकाश. सूर सूर वेगळा, मध्ये यंत्राचा सुस्कारा, पुन्हा सूर. वरच्या जागा त्याने सोडून दिल्या. पण चाल होती. ओळखू येत होती. ती उतरायला लागली. उतरली, अजून एक पायरी, आणि मग तो शेवटचा, जाड तारेचा सूर. तो लांब लांब टिकला, कानात भरून राहिला. मी डोळे मिटून घेतले.

“झालं,” विनायक म्हणाला.

“चेन्नागित्तु,” रूपा म्हणाली. “फार छान झालं.”

मी हात सोडवून रेकॉर्डिंग थांबवलं. त्यानंतर त्याने गिटार मागितली नाही. पावसाळ्यात तो गेला. दुपारचीच वेळ होती, आम्ही दोघी जवळ होतो. यंत्र रूपाने बंद केलं.

*

रूपा आता चामराजपेटेत आईकडे राहते. त्या गल्लीत दिवसभर रिक्षा, टेम्पो, हातगाड्या, लोखंड कापायचा आवाज. गेल्या आठवड्यात तिने मला आणि जोसेफला बोलावलं. जोसेफने ते रेकॉर्डिंग घरी नेऊन संगणकावर स्वच्छ केलं होतं. आता तशी साधनं आली आहेत, घरघर कुठली आणि सूर कुठला हे ती वेगळं काढतात. लॅपटॉप उघडून त्याने आधी जुनं ऐकवलं. फोनचा माइकही तेव्हा चालू राहिला असावा; घरघर, सुस्कारे, माझ्या बांगडीचा आवाज, कुठेतरी कुकरची शिट्टी. मग स्वच्छ केलेलं.

विनायकची गिटार एकटीच वाजली. तिच्या आसपास काहीही नव्हतं. ना खोली, ना दुपार, ना आम्ही.

“यात त्याचा श्वासच नाही,” मी म्हटलं. मला ते सहन झालं नाही. “जुनंच राहू दे. त्यात तो आहे.”

रूपाने माझ्याकडे पाहिलं. “अक्का, तुम्ही दुपारी यायचात. मी त्या श्वासाशेजारी झोपायचे. जरा लय चुकली की उठून बसायचे. मला तो आवाज परत नको.” तिने लॅपटॉपकडे बोट केलं. “आणि त्यांनाही स्वच्छच हवं होतं.”

 आम्ही स्वच्छ केलेलं पुन्हा लावलं, आणि या वेळी मी नीट ऐकलं. चाल उतरायला लागली. एक पायरी, अजून एक. आणि तिथे संपली. पुढे काही नव्हतं.

“शेवटचा सूर?” मी जोसेफला विचारलं. “तुझ्याकडून चुकून पुसला गेला.”

जोसेफने मान खाली घातली. “मैंने भी यही सोचा था, दीदी. बहुत बार देखा.” त्याने पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. प्रत्येक सुराच्या आधी नखी तारेला लागल्याचा एक बारीक काटा होता. शेवटी काटा नव्हता. विजेची घरघर आणि त्या जाड तारेचा सूर जवळजवळ एकाच जागी असतात, तो म्हणाला. सगळे सूर थांबले तेव्हा मागे उरली ती घरघर. मी ऐकला तो सूर यंत्राचा होता.

मी रूपाकडे वळले. तिला धक्का बसलेला नव्हता.

“तुला माहीत होतं?”

“मी अंगठ्याकडेच बघत होते,” ती म्हणाली. “हलला नाही. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग माझ्याकडे बघितलं.”

“आणि त्याला...”

“त्यांना ऐकू येत नव्हतं असं होईल का?”

बाहेर कुणीतरी लोखंडी शटर ओढत होतं. जोसेफ हळूच म्हणाला की तो सूर आणता येईल. याच रेकॉर्डिंगमधला विनायकचा आधीचा एखादा सूर उचलून, खाली उतरवून तिथे बसवता येईल, कुणाला कळणारही नाही. त्याने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. रूपा माझ्याकडे बघत राहिली. श्वासाचं तिने ठरवलं होतं; हे तिने माझ्यावर सोडलं असावं.

“नको,” मी म्हटलं.

“बेडा,” रूपाने जोसेफला सांगितलं. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली, आणि आम्ही ती चाल सुरुवातीपासून पुन्हा लावली.